स्किझोफ्रेनिया: गोळ्या, समुपदेशन की दोन्ही? अनुभव हवेत

सावनी_के

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २६. मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला नोकरीला होता. गेल्या दिवाळीच्या आसपास रूमवरची पोरं आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणायला लागला. मग मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवणं, खिडकीला पेपर चिकटवणं, रात्री कुणाशीतरी बोलणं. आम्ही आधी देवऋषी केला (आईचा हट्ट), मग डॉक्टर. निदान स्किझोफ्रेनिया. रिस्पेरिडोन चालू आहे. आवाज कमी झालेत असं तो स्वतःच सांगतो. पण आता नवीन सुरू झालंय, रात्र रात्र गच्चीवर येरझाऱ्या घालतो, 'बसवतच नाही गं' म्हणतो.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. बाबा म्हणतात गोळ्यांनीच पोरगं बिघडलं, बंद करा, बोलून समजावणारं कुणीतरी बघा. मावसभावाने पुण्यातल्या एक बाई सुचवल्यात, त्या म्हणे गोळ्यांशिवाय 'मुळापासून' काम करतात. आणि आई बाबांना घाबरून गोळी चुरून त्याच्या चहात घालते.

तर नुसत्या समुपदेशनाने हा आजार बरा होतो का? गोळ्या नक्की करतात काय? ज्यांच्या घरात आहे त्यांनी प्लीज लिहा. 'लग्न करून द्या' हा सल्ला आत्याकडून ऑलरेडी मिळालाय, तो सोडून बाकी सगळं चालेल.

तिरकीट

गोळ्या अचानक बंद करू नका एवढंच आत्ता लिहितो, बाकी रात्री. आत्यांना नमस्कार, आमच्याकडेही त्यांची एक शाखा आहे.

मनोडॉक

जिल्ह्याच्या ठिकाणी सायकिअ‍ॅट्रीची प्रॅक्टिस करतो. इथे बसून पेशंट तपासता येत नाही, पण त्या येरझाऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'बसवत नाही' हे त्याचे शब्द असतील तर डॉक्टरांना तसेच्या तसे सांगा, पुढच्या तारखेची वाट न बघता. हा अकाथिझिया असू शकतो, म्हणजे औषधाचा साइड इफेक्ट. पायांत आतून अशी तगमग होते की माणूस एका जागी टिकत नाही. घरच्यांना वाटतं आजार वाढला, ते डोस वाढवून मागतात आणि त्याने प्रकार अजून चिघळतो. डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉल जोडणं (दमा असेल तर ते चालत नाही) असे उपाय आहेत, त्यात अवघड काही नाही. या तगमगीपायी गोळ्या सोडून देणारे आणि जिवाचं बरंवाईट करून घेणारे दोन्ही पेशंट असतात म्हणून घाई करा म्हणतोय.

गोळ्या काय करतात: आत्तापर्यंतची जवळपास सगळी औषधं मेंदूत डोपामिन या रसायनाचा डी-२ रिसेप्टर (ते जिथे बसून काम करतं ती जागा) अडवतात. अमुक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे असं वाटायला लावणं हे डोपामिनचं एक काम. या आजारात रस्त्यावरच्या माणसाचा खोकलासुद्धा आपल्यासाठीच होता असं वाटायला लागतं. गोळीने ते वाटणं उतरतं. विचार लगेच जात नाही, आधी त्यातली भीती कमी होते. पण कशातच रस नसणं, गप्प राहणं, अंघोळीचाही कंटाळा, यावर गोळ्या फारशा चालत नाहीत, हे आम्ही डॉक्टर लोक पुरेसं स्पष्ट सांगत नाही.

नुसत्या समुपदेशनाबद्दल: २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. सावरलेल्या पेशंटपैकी औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात साधारण २७ टक्के लोकांचा आजार उलटला, बंद केलेल्यांत ६४ टक्के लोकांचा. पहिल्या अ‍ॅटॅकनंतर इतक्या लवकर गोळ्या सोडायचा सल्ला मी देणार नाही.

पिंपळपान

डॉक्टर, ६४ टक्क्यांचा उलटला म्हणजे ३६ टक्क्यांचा नाही उलटला. त्यांनी उगाच वर्षानुवर्षं वजन, शुगर आणि सुस्ती का ओढायची? दुसरं, डब्ल्यूएचओने सत्तरच्या दशकात नऊ देशांत पेशंट तपासले तेव्हा आपल्या आग्र्याचे पेशंट लंडन-वॉशिंग्टनपेक्षा चांगले निघाले होते. तेव्हा आग्र्यात कुठली भारी औषधं होती? घर, शेत, माणसं होती. आणि सर्पगंधा आपल्याकडे शेकडो वर्षं 'वेडाची' म्हणून वापरात आहे, त्यावर कुणी बोलत नाही कारण त्यात कंपन्यांना पैसा नाही.

मनोडॉक

@पिंपळपान, ३६ चा मुद्दा खरा आहे. अडचण एवढीच की ते ३६ कोण हे आधी ओळखता येत नाही.

आग्र्याच्या पेशंटनाही औषधं दिली होती. क्लोरप्रोमाझिन १९५२ ला पॅरिसमध्ये वापरात आलं, सत्तरच्या दशकात ते इकडे जुनंच झालं होतं. घर आणि काम यांचा हात असणार हे मान्य, पण ते 'गोळ्यांऐवजी' नव्हतं.

सर्पगंधेवर कुणी बोललं नाही असं कसं? गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिलंय. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं आणि पुढची काही वर्षं ते जगभर स्किझोफ्रेनियाला दिलं गेलं. ते मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं, म्हणजे फिरून रस्ता तोच. बीपी पडायचं, डिप्रेशन यायचं, म्हणून मागे पडलं. झाडपाल्याचं आहे म्हणून साइड इफेक्ट नाहीत हे मात्र कृपया कुणी मनात धरू नका.

ठाणेकर_काका

लहानपणी आम्हाला 'जास्त बोललास तर ठाण्याला पाठवीन' असा दम मिळायचा. अडचण अशी की आम्ही ठाण्यातच राहायचो.

वऱ्हाडी_ठसका

काका :)) आमच्याकडं नागपूर म्हणत.

कोकणकडा

आमच्याकडे रत्नागिरी. पुणेकर येरवडा म्हणत असणार. सरकारने चार इस्पितळं बांधली आणि महाराष्ट्राने चार शिव्या केल्या.

मीच_तो

बरेच दिवसांनी लॉगिन केलं. मी भाऊ कॅटेगरीतला आहे, म्हणजे आजार मला आहे, बरीच वर्षं झाली, आता अकाउंट्सचं काम करतो.

सावनीताई, आधी चहाचं. ते आजच थांबवा. ज्या माणसाला वाटतंय की लोक माझ्या जेवणात काहीतरी घालतात, त्याच्या चहात तुम्ही खरंच काहीतरी घालताय. माझ्या घरी वरणात घालायचे. ज्या दिवशी मला वाटीच्या तळाशी पांढरा चुरा दिसला त्या दिवसापासून मी आईच्या हातचं जेवणं सोडलं ते कितीतरी महिने. डॉक्टरवरचा विश्वास गेला तो वेगळाच.

आता समुपदेशन. माझे आवाज पंख्यातून यायचे. दोन पुरुष, एक बाई, माझ्या प्रत्येक हालचालीवर कॉमेंटरी, 'उठला, पाणी प्यायला, लाज नाही'. गोळ्यांनी ते तिघांचा एक झाला आणि लांबून यायला लागला, पण गेला नाही. मग सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायची, बोलून करायची थेरपी) सुरू केली. मला वाटलेलं त्या मॅडम 'पंखा बोलत नसतो' असं पटवतील. त्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही. त्यांनी वही दिली. आवाज कधी आला, तेव्हा मी काय करत होतो, दहापैकी किती मोठा, आणि तो म्हणतो ते न केल्यास काय होतं. वहीत दिसायला लागलं की संध्याकाळी बाबा यायच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. आणि दुपारी मोठ्याने पेपर वाचला किंवा गुणगुणलं की आवाज बारीक होतो, वाचताना त्याला जागाच मिळत नाही. मग एक दिवस त्या म्हणाल्या, तो म्हणतो तू चहाला बाहेर गेलास तर लोक मारतील, किती टक्के खात्री आहे? मी म्हटलं नव्वद. मग आम्ही दोघं खाली टपरीवर गेलो. मग मी एकटा गेलो, तेव्हा त्या गेटपाशी थांबल्या. आवाज अजून येतो कधीकधी, विशेषतः झोप कमी झाली की. आता तो मला हुकूम देणारा कुणी वाटत नाही, कटकट्या वाटतो.

पण हे सगळं गोळ्यांआधी शक्य नव्हतं. गोळ्यांआधी मी त्या मॅडमना पाच मिनिटंही समोर बसू दिलं नसतं, त्या पाळत ठेवणाऱ्यांपैकीच आहेत अशी माझी खात्री असती.

तिरकीट

@मीच_तो, सलाम. धाग्याचं काम इथेच झालं खरं तर.

औषधवाला

मेडिकल स्टोअर आहे म्हणून दोन गोष्टी.

चहाबद्दल अजून एक. रिस्पेरिडोनचं लिक्विडही मिळतं, आणि त्याच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं की चहा आणि कोलामध्ये मिसळू नका. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस, कमी फॅटचं दूध चालतं. तेव्हा लिक्विडवर गेलात तरी चहाचा बेत रद्द.

दुसरं विडी-सिगारेट. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या दोन गोळ्या धुरामुळे शरीरातून लवकर बाहेर पडतात. पेशंट घरी रोज बंडल ओढतो, त्यावर डोस बसलेला असतो, मग अ‍ॅडमिट झाला की विडी बंद, आणि त्याच डोसने तो गुंगीत पडतो. उलटंही होतं. सोडायची असेल तर जरूर सोडा पण डॉक्टरला सांगून. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, म्हणून तंबाखू-चुनावाल्यांना हा हिशोब लागू नाही. (तंबाखू खा असं म्हणत नाहीये!!)

गुळाचा_चहा

म्हणजे माहितीपत्रक लिहिणारा कॉफीवाला होता. जाहीर निषेध.

रानमोगरा

क्लोझापिनचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आमच्या मुलाला आधीची दोन औषधं पुरेशा डोसने, पुरेसे आठवडे देऊन झाली, आवाज जसेच्या तसे. अशा वेळी क्लोझापिन हेच पुढचं औषध असतं, पण ते नाव काढायला डॉक्टर बिचकतात आणि आपणही बिचकतो. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून पेशंट दगावले म्हणून ते बाजूला पडलं होतं. मग १९८८ मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला, दुसऱ्या कशालाही दाद न देणारे पेशंट मुद्दाम निवडून, आणि सहा आठवड्यांत क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवर ४ टक्के. म्हणून परत आलं ते रक्ततपासणीच्या अटीवर. आम्हाला सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) होती, लॅबवाला पोरगा घरचाच झाला, चिवडा खाऊन जायचा.

सकाळी उशी लाळेने भिजलेली असते, तिच्यावर जुना टॉवेल घालतो. डॉक्टर दर वेळी 'पोट साफ होतं का' विचारतात, मला आधी हसू यायचं, पण या औषधात बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं, तेव्हा लाजू नका. बदल्यात काय मिळालं तर तो परत आमच्याशी भांडायला लागला, क्रिकेटवरून. आधी भांडायलाही कुणी आत नव्हतं.

ठाणेकर_काका

शॉकबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी. पिक्चरमध्ये दाखवतात तसं आता नसतं. इटलीत १९३८ ला सुरू झालं तेव्हा भूल नव्हती, आता भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी (म्हणजे हे शॉक) द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच बंदी आहे. आमच्या चाळीतला एक जण खाणंपिणं सोडून एका जागी तासन् तास उभा राहायचा, हात वर केला तर वरच. त्याला दिल्यावर काही दिवसांत स्वतःहून पाणी मागितलं. त्याच्या बायकोने चाळभर पेढे वाटले.

पिंपळपान

आणि स्मरणशक्ती?

मनोडॉक

काही काळातल्या आठवणी पुसट होतात, काहींच्या परत येत नाहीत, तेही सांगून संमती घ्यायची असते. काकांनी वर्णन केलं त्याला कॅटाटोनिया म्हणतात, तिथे ईसीटीला खरोखर तोड नाही. सावनीताईंच्या भावाला त्याची गरज वाटत नाही, तेव्हा परत मूळ मुद्द्यावर येऊ.

बोलकी_भिंत

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. 'गोळ्यांशिवाय मुळापासून' हे वाचून दचकलेच. त्या बाईंची आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद, सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिथे असते) नोंदणी आहे का आणि सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या) पेशंटबरोबर काम केलंय का, एवढं विचारा. बालपण खणून काढणारी थेरपी या अवस्थेत उलटू शकते. मीच_तो यांनी लिहिली ती पद्धत वेगळी, ती सावकाश चालते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत ती किमान १६ सेशन्सची आहे, आणि खरं सांगायचं तर तिचा परिणाम मध्यम असतो, चमत्कार नाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते बाबांबद्दल. १९७६ मध्ये लंडनच्या व्हॉन आणि लेफ यांनी दाखवलं की ज्या घरात पेशंटवर सतत टीका होते किंवा त्याच्याभोवती अति काळजीचा वेढा असतो, तिथे आजार जास्त उलटतो, आणि आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर असतील तर आणखीच. आईबापांनी आजार दिला असा याचा अर्थ अजिबात नाही, तो आरोप जुन्या पुस्तकांनी आयांवर फार केला. अर्थ एवढाच की घरातलं बोलणं बदललं तर पेशंटला फायदा होतो. त्याच सूचनांत घरच्यांबरोबरची किमान १० सेशन्स वेगळी सांगितलीत. आपल्याकडे अमृतसरला डॉ. विद्या सागर यांनी पन्नासच्या दशकातच घरच्यांना इस्पितळाच्या आवारात तंबूत ठेवून घेतलं होतं, पेशंटशेजारी. पुढे वेल्लोरच्या इस्पितळानेही नातेवाईकांना सोबत घेऊन काम केलं. परदेशातून आलेली फॅशन नाही ही.

व्यवहारात काय? 'आळशी झालायस' याऐवजी 'भाजी निवडायला बसतोस का माझ्याबरोबर'. एका वेळी एक काम. 'गोळी घेतलीस का' दिवसातून एकदाच, एकानेच.

मीच_तो

शेवटच्या ओळीला शंभर वेळा +१. सगळे म्हणतात 'डायबिटीससारखंच आहे रे'. शुगरवाल्याला पाहुण्यांसमोर कुणी गोळी घेतलीस का विचारत नाही, आणि तो चिडला तर कुणी त्याच्या गोळ्या मोजायला जात नाही.

माणदेशी

पुण्यामुंबईत ठीक आहे, गावाकडं सायकॉलॉजिस्ट आणायचा कुठनं? सीबीटी म्हणं. आमच्या तालुक्याला सायकिअ‍ॅट्रिस्ट नाही.

बोलकी_भिंत

@माणदेशी, रास्त प्रश्न. यावर आपल्याच भागात काम झालंय. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतल्या कांचीपुरमला एक चाचणी झाली, २०१४ मध्ये छापून आली. दहावी-बारावी शिकलेल्या स्थानिक माणसांना ट्रेनिंग देऊन घरी पाठवायचे, ते आजार समजावून सांगायचे, गोळ्यांच्या अडचणी ऐकायचे, रोजचं काम परत बसवायचे. अपंगत्व थोडं कमी झालं, मुख्यतः तमिळनाडूत, पण जे झालं ते डिग्रीवाल्या थेरपिस्टशिवाय. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथे या बऱ्याच गोळ्या फुकट मिळतात.

माणदेशी

सिव्हिलला गोळ्या मिळतात हे खरं, संपल्या की पुढच्या महिन्यात या म्हणतात हेही खरं. नंबर सेव्ह केला.

बे_एरियातली_बाय

इकडे अमेरिकेत २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एफडीएने (औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम नावाचं औषध मंजूर केलं. डोपामिनचा रिसेप्टर न अडवणारं पहिलंच, मस्करिनिक नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरवरून काम करतं. वजनाचा आणि ताठरपणाचा त्रास कमी, मळमळ-उलटी जास्त. माझ्या दिराला सुरू करायचा विचार होता पण किंमत ऐकून विम्यावाल्यांनाच भ्रम व्हायला लागले.

तिरकीट

विम्यावाल्यांना सीबीटी द्या. तोपर्यंत आपण ज्या गोळ्या परवडतात त्यांच्याबद्दल बोलू.

सावनी_के

सगळ्यांना एकदमच उत्तर देते, मधे तीनेक आठवडे इकडे येताच आलं नाही.

मनोडॉक, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनीही तेच नाव घेतलं. रिस्पेरिडोन कमी केलं, प्रोप्रॅनोलॉल जोडलं. गच्ची बंद झाली, पूर्ण जेवण एका जागी बसून करतो. बाबा ज्याला 'गोळ्यांनी बिघडलं' म्हणत होते ते निम्मं तेच होतं, म्हणजे त्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

चहाचं प्रकरण डॉक्टरांसमोरच काढलं. भाऊ म्हणाला, 'मला माहितीये, चहा कडू लागतो, आईला वाईट वाटेल म्हणून पितो.' आई तिथेच रडायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, रोजची गोळी नको असेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन चालेल का. तो म्हणे, 'महिन्यातून एकदा टोचा, पण चहा सोडा.' अजून सुरू केलं नाही, आधी हा डोस मानवतोय का बघायचंय. सध्या गोळी स्वतः काढून घेतो.

त्या पुण्याच्या बाईंना नोंदणीबद्दल विचारलं तर त्यांनी एनर्जीवर बरंच सांगितलं. तो विषय संपला. डॉक्टरांच्याच ओळखीच्या सायकॉलॉजिस्टकडे ऑनलाइन दोन्ही सुरू करतोय, त्याचं वेगळं, आमचं वेगळं. पहिल्या सेशनला बाबा कॅमेरा बंद करून बसले, पण बसले. प्रश्न एकच विचारला, चाकणला परत कधी जाईल. त्या म्हणाल्या आधी रोज सकाळी दूध आणायला कोपऱ्यावर जाऊ दे. बाबांना ते काही झेपलेलं नाही.

रानमोगरा

दूध आणलं की पिशवीत काय आणलं ते बघा, सुट्टे पैसे मोजायला जाऊ नका :)

मीच_तो

आणि एखाद्या दिवशी नाही गेला तर त्याचा इशू करू नका. मला घरातून टपरीपर्यंत पोचायला पावसाळा गेला होता.

पिंपळपान

भाऊ सावरतोय हे वाचून बरं वाटलं, मनापासून. पण माझा ३६ टक्क्यांचा प्रश्न अजून उभाच आहे. या मुलाने गोळ्या कधी थांबवायच्या हे कुणी सांगितलंच नाही.

मनोडॉक

उभाच आहे, आणि तो तुमच्याऐवजी त्यानेच त्याच्या डॉक्टरांना विचारायला हवा. पहिल्या अ‍ॅटॅकनंतर साधारण वर्ष-दोन वर्षं नीट गेली की मगच तो विषय काढायचा. तेव्हाही एकदम बंद नाही, डोस हळूहळू उतरवत न्यायचा. झोप उडणं, फोन लपवणं अशी त्याची स्वतःची आधीची लक्षणं कागदावर लिहून ठेवायची, ती दिसली की लगेच परत वर जायचं. काही जण सुटतात. काही जण दोनदा प्रयत्न करून परत घेतात. सावनीताई, तो कागद आत्ताच करून ठेवा, त्याला बरोबर घेऊन, डब्यातल्या मोबाईलपासून सुरुवात करा.